छायाचित्रांतील इंग्रजी खेडेगाव

इंग्लंडातील विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचे एक लहानसे खेडे आहे. दगडाची व लाकडी चौकटीची जुनी घरे, मध्ये चर्च, आणि गावाच्या कडेला तेराव्या शतकातील जोगिणींचा मठ. हा मठ सोळाव्या शतकात एका धनिकाचे राहते घर बनला. याच घरी १८३५ च्या ऑगस्ट महिन्यात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या गृहस्थाने रसायन लावलेला कागदाचा तुकडा एका लहानशा लाकडी पेटीत घातला आणि ती पेटी एका जाळीदार खिडकीसमोर ठेवून दिली. असल्या पेट्या घरात व आवारात जागोजाग मांडलेल्या असत, आणि टॅल्बटची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना थट्टेने उंदरांचे सापळे म्हणे. त्या दिवशीच्या सापळ्यात जे सापडले ते जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढे होते. त्यात उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड उमटला होता. शेजारी टॅल्बटने स्वहस्ते टिपून ठेवले आहे की, चित्र ताजे असताना भिंगातून पाहिल्यास खिडकीची सुमारे दोनशे तावदाने मोजता येत असत. आज जगात शिल्लक असलेल्या छायाचित्राच्या निगेटिव्हांपैकी सर्वांत जुनी ती हीच.

पॅरिसच्या दागेरने आपला शोध १८३९ च्या जानेवारीत जाहीर केला, तेव्हा टॅल्बटनेही घाईघाईने आपली चित्रे लंडनच्या विद्वानांपुढे मांडली. दागेरचे चित्र अधिक स्वच्छ होते, पण ते धातूच्या पत्र्यावरचे एकुलते एक. टॅल्बटच्या एका निगेटिव्हपासून मात्र वाटतील तितक्या प्रती काढता येत, आणि पुढे जग ज्या वाटेने गेले ती वाट टॅल्बटची होती. दागेरचे शहर पॅरिस. त्याच्या पत्र्यावर उमटला तो मोठ्या शहरातला रस्ता. इंग्रजी छायाचित्रणाचा मात्र पाळणा खेड्यात हलला, आणि त्यामुळे त्याच्या पहिल्या विषयांत गवताची गंजी, शिडी, झाडू आणि तबेल्याचे दार हे पदार्थ येऊन बसले.

१८४४ ते १८४६ या काळात टॅल्बटने चोवीस चित्रांचे जे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले, त्यात हे सारे पाहावयास मिळते. एका चित्रात अर्धी कापलेली गवताची गंजी असून तिला शिडी टेकलेली आहे. दुसऱ्यात एक उघडे दार आहे. दाराशी खराट्यासारखा झाडू टेकवून ठेवला आहे, भिंतीला कंदील आणि घोड्याचा लगाम अडकवला आहे, आणि आत काळोख आहे. हा झाडू काही कोणी सहज विसरून गेलेला नव्हे. टॅल्बटने तो तेथे पुष्कळ विचार करून मांडला होता आणि या दाराची चित्रे त्याने निरनिराळ्या वेळी काढली होती. तथापि त्याच पुस्तकात त्याने एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांना जे त्या क्षणी दिसलेही नव्हते ते यंत्र टिपून घेते. कोठे भिंतीवरचा लेख, कोठे तारीख, कोठे लांबच्या घड्याळाचे काटे मागाहून भिंगाखाली सापडतात. जुन्या छायाचित्रांतून इतिहास वाचू पाहणाऱ्याने हे वाक्य गाठीस बांधून ठेवावे. ज्याने चित्र काढले त्याला जे दाखवावयाचे होते ते एक, आणि त्याच्या नकळत जे आत शिरले ते दुसरे; आणि बहुधा दुसऱ्याचेच मोल अधिक ठरते. गंजी पाहून कोणी आज थक्क होणार नाही. पण गंजीचे गवत पावासारखे सरळ कापलेले आहे, म्हणजे ते हाताने ओढून नव्हे तर मोठ्या सुरीने कापून काढीत, हे ज्ञान त्या चित्रातून फुकट मिळते.

या पहिल्या चित्रांत माणसे मात्र थोडी आहेत. कारण उघड आहे. चित्र उमटावयास कधी मिनिट, कधी अनेक मिनिटे लागत, आणि तितका वेळ जो हलणार नाही तोच चित्रात राही. शिडीच्या एका चित्रात टॅल्बटने तीन माणसे उभी केली. त्यांना काम करीत असल्याचा आव आणून दगडासारखे स्थिर राहावे लागले. पुढे १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर ओले रसायन पसरून चित्र घेण्याची रीत काढली आणि वेळ काही सेकंदांवर आला. पण काच ओली आहे तोवरच सारे उरकावयाचे असल्याने छायाचित्रकाराला तंबू, बाटल्या, पाणी आणि काचा हातगाडीवर लादून गावोगाव हिंडावे लागे. असा मनुष्य गावात आला की तो सर्कशीइतकाच प्रेक्षणीय असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या इंग्रजी खेड्यांतील चित्रांत दुकानदार दाराशी हाताची घडी घालून उभा आहे, लोहार हातोडा घेऊन बाहेर आला आहे, मुले रस्त्याच्या मधोमध रांगेने थिजली आहेत आणि सर्वांची दृष्टी एकाच बिंदूकडे लागली आहे, याचे रहस्य हे. गाव नेहमी असे नसे. त्या पाच मिनिटांपुरते गावाचे काम थांबलेले आहे, आणि चित्र त्या थांबण्याचे आहे. केवळ कुत्र्याला हे कोणी समजावून सांगू शकले नाही, म्हणून कित्येक चित्रांत कुत्र्याला दोन डोकी किंवा धुरकट शेपूट आढळते.

१८५१ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या शिरगणतीत निम्मी प्रजा शहरांत राहत असल्याचे प्रथमच दिसून आले. म्हणजे खेड्यांचे चित्र घेणे सोपे होऊ लागले त्याच सुमारास इंग्लंड हा खेड्यांचा देश राहिला नव्हता. हा योगायोग पुढे अधिकच गडद होतो. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टराने कोरड्या काचेची रीत सुचविली आणि त्या दशकाच्या अखेरीस तयार काचा दुकानांतून मिळू लागल्या. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेच्या विस्तीर्ण मैदानांतील गहू आगगाडीने आणि आगबोटीने स्वस्तात इंग्लंडात उतरू लागला. १८७९ च्या पावसाने पीक बुडाले तरी भाव चढले नाहीत. शेतकरी बुडाले, जमिनी नांगराखालून निघून गवताखाली गेल्या, तरुण मजूर शहरांकडे, कॅनडाकडे, ऑस्ट्रेलियाकडे निघाले. इंग्रजी खेड्याची सर्वांत सुंदर आणि सर्वांत विपुल छायाचित्रे ही त्या ओसरत्या काळाची आहेत.

या चित्रांचा धंदा करणारेही निघाले. फ्रान्सिस फ्रिथ हा मिसर व पॅलेस्टाइन येथील चित्रांनी नावारूपास आलेला मनुष्य. त्याने १८६० मध्ये रायगेट येथे पेढी घातली आणि इंग्लंडातील प्रत्येक शहराचे व खेड्याचे चित्र आपल्या संग्रही असावे असा उद्योग आरंभिला. त्याच्या पश्चात पेढी मुलांनी व नातवांनी चालविली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. टपालखात्याने १८९४ मध्ये खाजगी चित्रकार्डांना अर्ध्या पेनीत जाण्याची परवानगी दिली, व १९०२ पासून पत्ता आणि मजकूर एकाच बाजूस लिहिण्याची मुभा मिळाली. त्यामुळे कार्डाची दुसरी बाजू संपूर्ण चित्रासाठी मोकळी झाली आणि खेड्यांच्या चित्रांना पूर आला. ज्या वस्तीत पुस्तकाचे दुकान नाही, तेथेही टपालकचेरीच्या खिडकीत गावचे चर्च, गावचा पूल, गावची पाणपेटी अशी कार्डे टांगलेली असत. लोक ती घेत, आपल्या खिडकीवर शाईची फुली मारीत आणि येथे आम्ही राहतो असे लिहून धाडून देत. या फुल्या चित्राची नासाडी करतात असे संग्राहकांस वाटते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र चित्राचा तो सर्वांत बोलका भाग होय, कारण चित्रातल्या मनुष्याने स्वतः चित्राविषयी काही म्हटल्याची उदाहरणे फार विरळा.

चित्र खरे कशाला म्हणावे, या प्रश्नावर त्याच काळी एक कडाक्याचे भांडण झाले. हेन्री पीच रॉबिन्सन हा त्या वेळचा नामांकित छायाचित्रकार. वेगवेगळ्या काचांवरची चित्रे जोडून एक चित्र बनविण्यात तो निष्णात होता. खेड्यातील देखावे काढताना खरी शेतकरीण त्याला अवघडलेली वाटे. म्हणून तो शिकलेल्या तरुण मुलींना खेडवळ वस्त्रे नेसवून कुंपणापाशी उभे करी. चित्रे गोड असत. गाल स्वच्छ, हात गोरे, पायांत चिखल नाही. यावर पीटर हेन्री इमर्सन हा तुटून पडला. इमर्सन क्यूबात जन्मलेला, शिक्षणाने डॉक्टर, स्वभावाने भांडकुदळ. त्याने डॉक्टरी सोडून पूर्व इंग्लंडातील नॉरफॉक परगण्याच्या दलदलीत आणि सरोवरांत मुक्काम ठोकला. टी. एफ. गुडॉल या चित्रकाराच्या साह्याने त्याने १८८६ मध्ये तेथील जीवनाचा चाळीस चित्रांचा ग्रंथ काढला. त्याचे म्हणणे असे की, मनुष्य ज्या ठिकाणी राहतो व जे काम करतो त्याच ठिकाणी, त्याच कामात, त्याच कपड्यांत त्याला पाहावे. बनावट मुली आणि जोडकाम हा कलेचा अपमान आहे.

त्या ग्रंथातील कुमुदे वेचणाऱ्या नावेचे चित्र सर्वांच्या आवडीचे, आणि ते आजही ठिकठिकाणी छापले जाते. परंतु त्याहून खोल उतरणारी चित्रे दुसरी आहेत. दलदलीतून घरी परतणारे मजूर गुडघ्यांपर्यंत जाड बूट चढवून, अवजारे खांद्यावर टाकून संथपणे येत आहेत. दुसऱ्या एका चित्रात ओल्या गवताचा भारा दोन लांब काठ्यांवर तोलून पुढे एक आणि मागे एक अशी माणसे चालली आहेत. ज्या जमिनीत चाक रुतते तेथे गाडीचे काम माणसाने करावयाचे. आकाश मळकट, क्षितिज सपाट. यांतील कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. आधीच्या चित्रांतील थिजलेल्या रांगेनंतर हे न पाहणे फार मोठी पायरी वाटते. आता ही माणसेदेखील इमर्सनच्या सांगण्यावरून थांबलेली आहेत, वजनदार कॅमेरा तिकाटण्यावर चढेपर्यंत कोणी सहजगत्या चालत राहिले नसणार, हे उघडच आहे. म्हणजे रॉबिन्सन लबाड आणि इमर्सन सत्यवादी असा सरळ निवाडा करता येत नाही. पण एकाने चित्रासाठी माणूस आणला आणि दुसरा माणसासाठी दलदलीत गेला, हा फरक उरतोच, व तो लहान नव्हे. गंमत अशी की, आपले मत ठासून मांडणारा ग्रंथ १८८९ मध्ये लिहिल्यावर वर्षा-दोन वर्षांतच इमर्सनने एक काळ्या किनारीची पुस्तिका छापून ते मत मेले असे जाहीर केले. छायाचित्र ही कला नव्हेच, अशा निर्णयावर तो आला होता. चित्रे मात्र त्याच्या मतांतराची वाट न पाहता टिकली.

या सर्व चित्रांत जे नाही त्याचाही हिशेब केला पाहिजे. इंग्रजी शेतमजूर त्या काळी आठवड्यास बारा शिलिंगांच्या आसपास कमावी. वॉरिकशर परगण्यातील बारफर्ड गावचा जोसेफ आर्च हा कुंपणे छाटणारा कारागीर १८७२ च्या फेब्रुवारीत वेल्झबर्न येथील एका चेस्टनट वृक्षाखाली उभा राहिला आणि त्याने मजुरांना सोळा शिलिंग मागावयास सांगितले. कंदिलाच्या उजेडात जमलेल्या त्या सभेचे छायाचित्र नाही; रात्री चित्र घेण्याची सोयच नव्हती. घराच्या आतले चित्र तर त्याहून दुर्मीळ. शाकारलेले गवती छप्पर, भिंतीवरचे गुलाब, दारातली म्हातारी हे सारे सूर्यप्रकाशात उभे होते, म्हणून ते आले. त्याच छपराखाली दोन खोल्यांत आठ-नऊ जण झोपत, छप्पर गळे, विहीर उकिरड्याच्या शेजारी असे. हे काळोखात होते, म्हणून राहून गेले. स्त्रियांची कामेही बहुतेक आतलीच. धुणे वाळत घातलेले दिसते, धुताना बाई दिसत नाही. आणि ऋतूंकडे पाहिले तर असे वाटावे की इंग्लंडात बारमाही सुगीच असते! जानेवारीतल्या चिखलाची, काम नसलेल्या दिवसांची चित्रे काढावयास शहरातून कोण जाणार?

या उणिवेची जाणीव ठेवून ज्यांनी काम केले त्यांत गर्ट्रूड जीकल या बाईंचे नाव आदराने घ्यावे लागते. बागांची रचना करणारी म्हणून त्यांची ख्याती मोठी. पण त्यांचे १९०४ मध्ये निघालेले पश्चिम सरे परगण्यावरील पुस्तक हा खेड्यातील संसाराचा एक अपूर्व दप्तरखाना आहे. त्यांची नजर लहानपणापासून अधू होती आणि पुढे ती आणखी क्षीण होत गेली. १८८५ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि गॉडल्मिंगच्या आसपासच्या झोपड्यांतून त्या वस्तू पाहत हिंडू लागल्या. देखाव्यापेक्षा वस्तूंवर त्यांचा जीव. चुलीवरची साखळी व आकडा, पाव भाजण्याची फळी, चिखलातून चालण्यासाठी बुटांखाली बांधावयाच्या लोखंडी कड्यांच्या खडावा, म्हाताऱ्या मेंढपाळाचा चुणीदार सुती झगा, आणि लव्हाळ्याची वात धरावयाचा लोखंडी चिमटा. लव्हाळी सोलून आतला गाभा चरबीत बुडवीत आणि सुकवून तीच वात चिमट्यात तिरपी धरून पेटवीत. मेणबत्ती ज्यांना परवडत नसे त्यांचा हा दिवा. जीकलबाईंनी ही चित्रे घेतली तेव्हा तो दिवा बहुतेक घरांतून गेला होता; घासलेटच्या दिव्याने त्याला हद्दपार केले होते. म्हणून वात कशी करीत हे वृद्ध स्त्रियांकडून करवून घेऊन त्यांनी पाहिले. कारखान्यातला स्वस्त माल येऊन जुन्या ओकच्या पेट्या व खुर्च्या मोडीत निघत आहेत याचे त्यांना मनस्वी दुःख होई. पुढे आपला पुष्कळसा वस्तुसंग्रह त्यांनी सरे परगण्याच्या पुराणवस्तू मंडळास देऊन टाकला.

जीकलबाई सधन घरच्या होत्या, आणि ओकची पेटी विकून टाकणाऱ्या म्हातारीला त्या पैशाची किती निकड होती हे त्यांच्या चित्रात दिसत नाही. ती बाजू पाहावयाची तर शेजारच्या फार्नम गावचा जॉर्ज स्टर्ट वाचावा. त्याने १८८४ मध्ये वडिलांचा गाड्या बनविण्याचा कारखाना अंगावर घेतला. १९१२ मध्ये त्याने खेड्यातील बदलांवर, आणि १९२३ मध्ये त्या कारखान्यावर पुस्तक लिहिले. गाडीच्या चाकाचे आरे, तुंबा, तापवून बसवावयाची लोखंडी धाव यांविषयी त्याच्याइतके बारकाईने कोणी लिहिलेले नाही. गाडीचा बाक कोणत्या शेतातील चाकोरीला जुळावा हे सुतार जाणत असे, असे तो सांगतो. पण गायरान कुंपणाखाली गेल्यावर मजुराची गाय गेली, सरपण गेले आणि तो केवळ आठवड्याच्या पगाराचा चाकर झाला, हेही तोच सांगतो. एकाच मुलखातील ही दोन माणसे. जीकलबाईंची चित्रे आणि स्टर्टचे शब्द शेजारी ठेवून वाचल्यावाचून दोहोंपैकी एकही पुरते उमगत नाही.

बर्मिंगहॅमचे पार्लमेंटातील सभासद सर बेंजामिन स्टोन यांचा खटाटोप निराळ्या प्रकारचा. भावी पिढ्यांसाठी देशाचा छायाचित्रांतील दप्तर उभारावा या हेतूने त्यांनी १८९७ मध्ये राष्ट्रीय छायाचित्र-नोंद मंडळ काढले, आणि १९१० पर्यंत त्या मंडळाने हजारो चित्रे ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केली. स्टोन यांचा स्वतःचा संग्रह सुमारे बावीस हजारांचा असून तो बर्मिंगहॅमला आहे. गावोगावच्या जत्रा व चालीरीती हा त्यांचा छंद. स्टॅफर्डशर परगण्यातील ॲबट्स ब्रॉमली गावी सप्टेंबरच्या आरंभी शिंगांचा नाच होतो. सहा गडी रेनडिअरची प्रचंड शिंगे घेऊन नाचतात; त्यांच्याबरोबर सोंगाड्या घोडा, विदूषक, धनुष्य घेतलेला मुलगा आणि स्त्रीवेषातला पुरुष असतो. ही शिंगे वर्षभर चर्चमध्ये टांगलेली असतात. १९७६ मध्ये त्यांची शास्त्रीय परीक्षा झाली, तेव्हा ती अकराव्या शतकाच्या सुमाराची ठरली. स्टोन यांच्या चित्रात हे सारे नर्तक एका रांगेने, शिंगे सांभाळीत, निश्चल उभे आहेत. नाचाचे चित्र आणि त्यात नाच तेवढा नाही! स्टोन यांना पुरावा हवा होता. कोण, काय नेसून, हातात काय घेऊन उभा होता इतके स्पष्ट उमटले म्हणजे त्यांचे काम झाले.

माणसांना नमुने म्हणून रांगेत उभे करण्याची ही वृत्ती हिंदी वाचकास अपरिचित नाही. मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ १८५४ मध्ये, म्हणजे लंडनच्या मंडळानंतर एकाच वर्षाने निघाले होते, आणि १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातील जातिजमातींची छायाचित्रे आठ खंडांत छापली. त्या खंडांत माणसाला बहुधा जातीचे नाव आहे, स्वतःचे नाही. इंग्रजी खेड्यातला मजूरही छायाचित्राखाली बहुधा नांगऱ्या, मेंढपाळ किंवा वृद्ध ग्रामस्थ एवढाच असतो. येथे राज्यकर्ता आणि प्रजा यांतील अंतर नाही हे खरे. पण कॅमेऱ्याच्या मागचा आणि पुढचा यांतील अंतर पुष्कळसे तेच आहे.

नावे टिकली ती एका वेगळ्याच प्रकारच्या चित्रांत, आणि ती काढताना कोणाच्या मनात कला नव्हती की इतिहासही नव्हता. ही शाळेची चित्रे. १८७० च्या कायद्याने गावोगाव शाळा झाल्या, १८८० मध्ये शिक्षण सक्तीचे झाले, आणि १८९१ मध्ये बहुतेक ठिकाणी फी उठली. मग वर्षातून एकदा छायाचित्रकार येई, मुलांच्या तीन-चार रांगा भिंतीशी लावी, पुढे बसलेल्या मुलाच्या हाती शाळेचे नाव व इयत्ता लिहिलेली पाटी देई आणि प्रती आईबापांना विकी. मुलींच्या अंगावर पांढरी शुभ्र आवरणे, कारण खालचा झगा जुना आहे. मुलग्यांच्या पायांत खिळे मारलेले जाड बूट. कित्येकांचे बूट मोठ्या भावाचे, हे मापावरून कळते. एखाद्याची मान तिरकी, एखादा हसू दाबतो आहे. या चित्रांच्या जोडीला शाळेच्या रोजनिशा वाचल्या म्हणजे चित्रे हलू लागतात. आज हजेरी कमी, मुले बटाटे काढावयास गेली; आज सरवा वेचावयास आयांबरोबर गेली; आज बूट नसल्यामुळे दोघे आली नाहीत, अशा नोंदी हेडमास्तर करीत. कापणीनंतर शेतात पडलेल्या लोंब्या वेचून गरीब घरांचा हिवाळ्याचा पाव निघे. तेव्हा शाळेपेक्षा सरवा मोठा ठरला यात नवल नाही. ही चित्रे आयांनी कपाटांत जपली आणि मागच्या बाजूस रांगांप्रमाणे नावे लिहून ठेवली. संग्रहालयांना जे साधले नाही ते या मातांना सहज साधले.

त्या पाटीवर १९०० ते १९०६ पैकी एखादे साल असले की पाहणारा नकळत मुलग्यांची वये मोजू लागतो. १९१४ चे युद्ध सुरू झाले तेव्हा यांतील पुष्कळ मुले अठरा ते पंचवीसच्या घरात होती. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यांत सरकारने शेतांवरून व गाड्यांपासून लाखाहून अधिक घोडे उचलले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांना हाकणारे गेले. चर्चची घंटा वाजविणाऱ्यांचा जथा, गावचा क्रिकेटसंघ, गावचा बँड यांची १९१२-१३ मधली चित्रे आणि आज गावच्या चौकातील दगडी स्मारकावर कोरलेली नावे शेजारी ठेवून ताडून पाहण्याचे काम इंग्लंडातील कित्येक गावांनी केले आहे. ज्या गावचे सारे सैनिक जिवंत परतले अशी गावे इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे पन्नास निघाली; बाकीच्या हजारो गावांत दगड उभा आहे.

ही कपाटांतली चित्रे बाहेर काढण्याचे काम पुढे अनेकांनी केले. रेडिंगच्या विद्यापीठाने १९५१ मध्ये इंग्रजी ग्रामजीवनाचे संग्रहालय स्थापन केले आणि तेथे शेतीविषयक नियतकालिकांचे छायाचित्रसंग्रह येऊन जमा झाले. उत्तर डेव्हनमधील बीफर्ड येथील कलाकेंद्राने त्याहून जिव्हाळ्याचा प्रयोग केला. जेम्स रॅव्हिलिअस हा चित्रकार एरिक रॅव्हिलिअस याचा मुलगा. बाप १९४२ मध्ये युद्धात विमानासह नाहीसा झाला, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. १९७२ पासून सुमारे सतरा वर्षे जेम्सने त्या केंद्रासाठी आसपासच्या खेड्यांतील रोजच्या जीवनाची सत्तर हजारांहून अधिक चित्रे घेतली. पाऊस, चिखल, रात्री वितलेली कोकरे, आजारी मेंढीसाठी आयव्हीच्या वेलीचा भारा घेऊन निघालेला म्हातारा शेतकरी. जानेवारी महिना अखेर चित्रात आला. याच्याच जोडीने तो घरोघर जाऊन जुनी छायाचित्रे मागे, त्यांच्या प्रती काढी, आणि मूळ चित्रे मालकांना परत देई. अशी हजारो जुनी चित्रे जमली. चित्र परत करताना यात कोण आहे, हे घर कोणाचे, हा घोडा कोणाचा असे विचारले जाई. त्यामुळे बीफर्डच्या संग्रहात पुष्कळ नांगऱ्यांना नावे आहेत, आणि घोड्यांनाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात, पाठोपाठच्या दोन हिवाळ्या-उन्हाळ्यांत, दक्षिण इंग्लंडातील दोन खेड्यांच्या नशिबी परस्परविरुद्ध गोष्टी आल्या. लेकॉक गाव व तो जुना मठ टॅल्बटची नात मटिल्डा टॅल्बट हिने १९४४ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेस देऊन टाकला. तेव्हापासून गाव इतक्या काळजीने राखले गेले आहे की, जुन्या काळच्या कथांचे बोलपट काढणारे तेथे धाव घेतात. १९७५ मध्ये मठाच्या फाटकाशी असलेल्या सोळाव्या शतकातील कोठारात टॅल्बटच्या नावाचे छायाचित्र-संग्रहालय उघडले.

शेजारच्या डॉर्सेट परगण्यातील समुद्राजवळचे टायनम गाव १९४३ च्या डिसेंबरात सैन्याने ताब्यात घेतले. रणगाड्यांच्या तोफांच्या सरावासाठी जागा हवी होती. खोऱ्यातील सव्वादोनशेच्या आसपास माणसांना नाताळच्या आधी घरे सोडावी लागली. युद्ध संपल्यावर परत येऊ अशी त्यांची समजूत होती. पण १९४८ मध्ये सरकारने जमीन कायमची ठेवून घेण्याचे ठरविले आणि कोणी परतले नाही. एलिझाबेथच्या काळातील जमीनदाराचा वाडा बव्हंशी पाडला गेला. टपालकचेरीच्या ओळीतील घरांची छपरे गेली, चुलीच्या जागी झाडे उगवली. चर्च आणि शाळा मात्र राखली आहेत. शाळा तर मुले कमी पडल्यामुळे १९३२ मध्येच बंद झाली होती. तिच्यात आता जुन्या दिवसांप्रमाणे बाके मांडली आहेत आणि कोट अडकवावयाच्या खुंट्यांवर मुलांची नावे आहेत.

प्रत्येक पडक्या घरात तेथे राहणाऱ्या कुटुंबाची माहिती व छायाचित्रे फलकांवर लावली आहेत. वोरबॅरोच्या उपसागरात जाळी ओढणारे कोळी, दाराशी उभी टपालवाली, चर्चच्या सहलीला निघालेली गाडी. ज्या उंबऱ्यावर चित्र घेतले तोच उंबरा पायाशी असतो. फक्त वर छप्पर नसते. खेडूतांच्या पेट्यांतून निघालेली ती चित्रे नसती तर हे दगड कोणाचे होते हे सांगावयास काहीच उरले नसते. खोऱ्यात नांगर फिरला नाही, खते पडली नाहीत, म्हणून तेथे आज रानफुले आणि पाखरे विपुल आहेत. बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्यांच्या दिवशी पाहुण्यांना आत सोडतात. इतर दिवशी रस्त्यावरील फाटके बंद होतात, टेकडीवर लाल निशाण चढते आणि तोफा सुरू होतात.